पलीकडच्या गावचा दाखला

सकाळपासून बोचरा वारा सुटला होता. मास्तरांनी शटर अर्धंच वर केलं, मशीनला तेलाचे दोन थेंब दिले आणि एका पँटची उसवलेली शिवण घेऊन बसले. कपडे आखूड-लांब करून देणारं हे दुकान. मालकीणबाई गल्ल्यावर, मास्तर मशीनवर.

"दाढीबिढी, इस्त्रीचा शर्ट! मास्तर, आज सासुरवाडीला निघाल्यासारखे दिसताय," बाई गल्ल्यावरून म्हणाल्या.

"सासुरवाडीच इकडं येतेय," मास्तर हसले.

आज दहा वाजता सीमेच्या फाटकावर त्यांच्या बायकोचा आणि मुलीचा नंबर होता.

तीन वर्षांपूर्वी थोरल्या भावाला घरातून उचलून नेलं, तेव्हा मास्तर जीव मुठीत धरून देशाबाहेर पडले. मधला देश पार केला, नदी ओलांडली आणि चिंब अंगानं इथल्या चौकीपुढं उभे राहिले. तेव्हा इथल्या मातीला पाय लागला की आसरा मागता यायचा. मास्तरांना तो मिळाला.

मागाहून बायको-मुलगी नदीपलीकडच्या गावापर्यंत आल्या. बायको म्हणाली, "अहो, सगळे पाण्यातनंच जातायत. आम्हीही येतो."

"पोरीला पाण्यात घालतेस? मुळीच नाही. रीतसर नंबर लाव. तोवर तिथल्या कचेरीत नाव नोंदव, राहण्याचा दाखला घे, पोरीला शाळेत घाल. कागद असे पाहिजेत की कुणाला बोट ठेवायला जागा नको."

ज्याला अर्ध्या सुताचा फरक खपत नाही, त्याचं हे बोलणं. बायकोनं ऐकलं. नंबर यायला नऊ महिने गेले.

सव्वादहाला फोन वाजला.

"अहो, नाही घेतलं."

"म्हणजे? उशीर झाला का तुम्हाला?"

"उशीर कसला! उजाडायच्या आधीपासून उभ्या होतो. कालपासून नियम बदललाय म्हणे. मधल्या देशात ज्यांची नोंद आहे, त्यांनी तिथंच आसरा मागायचा. साहेबानं आपला दाखला पाहिला आणि म्हणाला, बाई, तुम्ही तर पलीकडच्या रहिवासी."

"अगं, पण तो नंबर येईपर्यंतच काढलेला, सांगितलं नाहीस?"

"दहादा सांगितलं. माणूस वाईट नव्हता हो. म्हणाला, गेल्या आठवड्यात आला असतात तर सोडलं असतं. आमच्या मागच्या बाईकडं कागदाचा चिटोराही नव्हता. तिला सुनावणीला आत घेतलं."

मास्तरांच्या हातातली पँट खाली घसरली.

"मग... पाण्यातनं?"

त्यांच्या तोंडून हे ऐकून ती हसली की रडली, कळलं नाही. "आता नदीत पकडलं की विचारतसुद्धा नाहीत. तिथनंच माघारी धाडतात. तेव्हाच पाण्यातनं आलो असतो, तर आठ दिवसांचं काम होतं."

"बोल ना मला. शिव्या घाल."

"आत्ता नको. पोरगी ऐकतेय."

तेवढ्यात पोरीनंच फोन ओढून घेतला. "बाबा, मी उद्या परत त्याच शाळेत जाऊ? बाईंनी हजेरीतनं नाव काढलंय माझं. मैत्रिणींना रबर, पेन्सिली, सगळं वाटून टाकलं मी."

"जा. बाईंना सांग, नाव परत घाला म्हणावं."

"का आलीस विचारलं तर?"

"सांग, बाबांचं माप चुकलं."

"बाबा, तुमचं? काहीतरीच!" पोरगी म्हणाली आणि फोन कटला.

मालकीणबाईंनी गल्ल्यावरून मान वर केली, त्यांच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि पुढची थट्टा गिळली. "अर्जबिर्ज करता येत असेल की, मास्तर. वकील गाठू."

"येतो करता. पण त्या मधल्या देशातच."

बाहेरून शटरखालून वाकून एक गिऱ्हाईक आत आलं. अंगात नवा कोट, बाह्या पार बोटांवर उतरलेल्या.

"परवा लग्नाला जायचंय. होईल ना?"

मास्तर उठले. गळ्यात टेप अडकवला, डोळे बाहीला पुसले.

"हात सरळ सोडा, साहेब," ते म्हणाले आणि मनगटाशी कापड दुमडून टाचणी लावू लागले.