गिरणीच्या दारावरचा पराभव

आमच्या आमदारांचा गौरवग्रंथ निघाला. वजन एवढं, की पोस्टमन तो आणताना वाटेत दोनदा सायकलवरून उतरला आणि तिसऱ्यांदा सायकलच खाली बसली. मी उघडून बघितला आणि डोकं जे तापलं ते अजून निवलेलं नाही. तवा ठेवला असता तर भाकरी टम्म फुगली असती.

त्यात साहेबांच्या सगळ्या निवडणुकांचे निकाल छापलेत. सगळे म्हणजे चार. लढवल्या पाच. मधली एक हरले, ती कुठं गेली? तिच्या जागी पानभर फोटो: साहेब वासराला घास भरवताहेत. खाली ओळ, ‘या काळात साहेब आत्मचिंतनात रमले होते.’

माकणीच्या अलीकडं आमचं गाव, गावात माझी पिठाची गिरणी. आमच्या बूथवर साहेबांना किती मतं पडली, समोरच्याला किती, हे मी दर निवडणुकीला गिरणीच्या दारावर आतल्या बाजूनं तेलरंगात लिहितो. दळणाला आलेली माणसं उभ्या उभ्या वाचतात. टीव्हीवाला चुकेल, माझं दार चुकायचं नाही, कारण पाचही वेळा साहेबांचा पोलिंग एजंट मीच. ग्रंथासाठी साहेबांचा पीए येऊन या दाराचा फोटो काढून गेला, तेव्हा हात झटकून त्याला चहा पाजणारा मूर्खही मीच.

आमच्या ओढ्यावर तेव्हा पूल नव्हता. दर निवडणुकीआधी साहेब यायचे, पुलाच्या जागी नारळ फोडायचे आणि जायचे. इतके नारळ फुटले, की नुसत्या करवंट्या रचल्या असत्या तरी एसटी पलीकडं गेली असती. ओढ्याच्या पाण्याला खोबऱ्याची चव आली होती. त्या मधल्या निवडणुकीला मतदानाच्या दिवशी ओढा भरून चाललेला आणि ओढ्यापलीकडच्या मळ्यात माझी चुलती पाय मोडून पडलेली. चौघांनी तिला बाजेवर घातली आणि कमरेएवढ्या पाण्यातून बूथवर आणली. दारात मला बघून म्हणाली, "त्याचा बिल्ला लावून बसलास व्हय रं? बस. म्या चालले त्याला पाडाया."

ती मत देऊन बाहेर आली, मग मी उठलो. छातीवर साहेबांचा बिल्ला आणि बटण दाबलं समोरच्याचं. हे आज पहिल्यांदा लिहितोय, वाचणाऱ्यानं आपल्यापाशीच ठेवावं.

साहेब पडले. विजयासाठी तेरखेड्याहून आणलेला टेम्पोभर फटाका न वाजता परत गेला. पुढच्या निवडणुकीला साहेब आले ते नारळाशिवाय, हात जोडून. निवडून आले आणि पहिल्याच उन्हाळ्यात पूल उभा केला. हरले होते म्हणून उभा केला. आणि ग्रंथात काय, तर ‘साहेबांच्या दूरदृष्टीतून साकारलेला पूल’. म्हणजे बाजेवरची ती बाई वासराच्या फोटोखाली गाडून टाकली.

मागच्या आठवड्यात पीएचा फोन आला. साहेब गावात सत्काराला येणार होते.

"काका, दार तेवढं रंगवून घ्या. पराभवाची एकच तर ओळ हाय."

"एकच हाय तर डोळ्यात का खुपती?" म्हटलं आणि फोन ठेवला.

सत्काराच्या सकाळी मी दार बिजागरीतून उपसलं, डोक्यावर घेतलं आणि नेऊन पुलाच्या कठड्याला टेकवलं. शेजारी खुर्ची टाकून चुलतीला बसवलं. आता तिला धड दिसत नाही, पण गाडीचा आवाज तिला माझ्याआधी कळला.

गाडी थांबली. साहेब उतरले, चष्मा लावला, पाचही ओळी वाचल्या.

"तुम्ही तर आमचे माणूस ना?" मला म्हणाले.

"व्हय साहेब. म्हणून तर बरोबर लिवलंय."

साहेब हसले. यांचं हसणं असं, की पन्नास पावलांवरच्या माणसालाही वाटावं, आपल्यालाच हसले. "जुनं झालं हो ते. खोडून टाका."

चुलतीनं काठी दोनदा पुलावर आपटली. "खोडू की. पर आधी ह्यो पूल पाडा, साहेब. मग तुमी बी पाण्यातनं या गावात, आमी आलो तसं."

पीएनं गाडीचं दार उघडलं, साहेब आत बसले. गावात शिरायला दुसरा रस्ता नव्हता. पुलावरूनच गेले.