बाबा मवाळ नव्हते

बाबा गेले तेव्हा इथे न्यू जर्सीतल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. एकामागून एक काका उठून बोलले. शांत स्वभाव, मवाळ, कुटुंबवत्सल गृहस्थ. पुढच्या रांगेत आई बसली होती, कपाळावर रोजच्यासारखं ठसठशीत कुंकू. दोन-तीन बायकांना ते खटकलं होतं. आईला त्याची पर्वा नव्हती.

कुटुंबवत्सल हे खरं. मवाळ मात्र साफ खोटं.

बाबा पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते. कालव्याच्या कामावर जाताना त्यांच्या बरोबरीचे लोक बायकामुलांना पुण्यात ठेवायचे. बाबांनी आम्हाला प्रत्येक साइटवर बरोबर नेलं, पत्र्याच्या क्वार्टर्समध्ये ठेवलं. एकदा वरच्या साहेबांनी टोकलं, "साइटवर फॅमिली कशाला आणता?" बाबा म्हणाले, "मग फॅमिली केली कशाला, साहेब?" त्यांची बढती रखडली ती बहुधा अशाच उत्तरांमुळे.

रिटायर झाल्यावर ते आणि आई न्यू जर्सीत आमच्याकडे राहायला आले. मी आणि नवरा सकाळी मॅनहॅटनची ट्रेन पकडायचो. घर बाबा चालवायचे. नातीच्या वेण्या घालायचे, आणि दोन्ही सारख्या झाल्या नाहीत तर सोडून पुन्हा घालायचे. ती इंग्लिशमध्ये बोलायची, ते मराठीत उत्तर द्यायचे, दोघांचं झकास चालायचं. संध्याकाळ मात्र आईची. नोकरीत असताना ते कधी उजेडाचे घरी आले नव्हते. त्याची भरपाई म्हणून रोज तिला फिरायला न्यायचे.

ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध होता. आमच्या भागात काही पोरांनी आपल्या लोकांना छळायला सुरुवात केली होती. गाडीतून जाताना शिव्या द्यायचे, अंडी फेकायचे, बायकांच्या कुंकवावरून काहीबाही ओरडायचे. एका संध्याकाळी चालत्या गाडीतून कुणीतरी बिअरचा भरलेला कॅन आईवर भिरकावला. तो खांद्याला लागला. साडी भिजली, दंड काळानिळा पडला. बाबांनी तिला घरी आणलं आणि दंड बर्फानं शेकला.

जेवताना माझा नवरा म्हणाला, "आई, थोडे दिवस बाहेर जाताना पँट घाला. कुंकू घरात लावा. आणि फिरणं तूर्तास कॅन्सल करू या." तो काळजीनंच बोलत होता. मीही मान डोलावली.

बाबांनी आम्हा दोघांकडे पाहिलंच नाही. त्यांनी आईला विचारलं, "तुला काय करायचंय?"

आई भात कालवत म्हणाली, "मी काय चोरी केलीय?"

"झालं तर. उद्या नेहमीच्या वेळेला निघू."

मी भडकले. "बाबा, हा तुमचा कालवा नाही. इथे तुमचं कोण ऐकणार आहे?"

"कालव्यावर तरी कोण ऐकत होतं? तिथेही रोज जाऊन उभं राहावं लागायचं."

दुसऱ्या दिवशी फिरायला जाताना ते आधी पोलिसांकडे गेले. तिथल्या ऑफिसरनं नीट ऐकून घेतलं, लिहून घेतलं आणि सल्ला दिला की काही दिवस दुसऱ्या रस्त्यानं फिरा. आपल्या खात्यातल्या खणखणीत इंग्लिशमध्ये बाबा म्हणाले, "माय वाइफ लाइक्स धिस स्ट्रीट." आणि त्याच रस्त्यानं निघाले.

मग त्यांनी आमच्या बिल्डिंगमधल्या सगळ्या भारतीय घरांची दारं वाजवली. संध्याकाळी बरोबर चला म्हणाले. बहुतेकांनी नाही सांगितलं. त्यांच्यावर मी रागवू शकत नाही. सगळ्यांना लहान मुलं होती. तळमजल्यावरची एक इटालियन म्हातारी मात्र, तिला कुणी बोलावलंही नव्हतं, आपला कुत्रा घेऊन सामील झाली. त्या आठवड्यात मीही लवकर ट्रेन पकडून त्यांच्याबरोबर जाऊ लागले. खरं सांगायचं तर फिरायला नव्हे, राखणीला.

ती गाडी पुन्हा आली. आम्ही कोपऱ्यावर होतो, सिग्नल लाल होता, त्यामुळे तिला थांबावं लागलं. काच खाली झाली आणि आतून पोरं ओरडू लागली. मी आईचा हात ओढला, "चल, चल." बाबा जागचे हलले नाहीत. गाडीकडे तोंड करून, हात पाठीमागे बांधून, कामाची तपासणी करायला आल्यासारखे उभे राहिले. आणि आई, जी आयुष्यात कधी परक्या पुरुषाशी चढ्या आवाजात बोलली नव्हती, ती माझा हात सोडवून फुटपाथच्या कडेपर्यंत गेली.

"काय रे, लाज नाही वाटत? आईच्या वयाची आहे मी! उतरा, उतरा खाली, बघतेच एकेकाला!"

अस्सल मराठीत. शेजारी इटालियन बाई तिच्या भाषेत सुटली, कुत्रा त्याच्या.  तेवढ्यात सिग्नल हिरवा झाला आणि गाडी निघून गेली. आईमुळे गेली की सिग्नलमुळे, मला माहीत नाही. "आईमुळे," असं बाबा सगळ्यांना सांगत सुटले. घरी येईपर्यंत आई हसत होती.

त्रास तिथेच थांबला असं मुळीच नाही. पानगळीच्या दिवसांत आमच्या गाडीची काच कुणीतरी फोडली. पण हळूहळू दारं उघडली. आधी वरच्या मजल्यावरचं गुजराती जोडपं आलं, मग एक तेलुगू डॉक्टर आणि त्यांची सासू. स्प्रिंगपर्यंत अख्खा फुटपाथ अडवणारा घोळका झाला. साड्या, कुंकू, खाली स्नीकर्स. बाबा फार हळू चालतात अशी तक्रारही येऊ लागली.

नवऱ्याच्या डोक्यात मात्र लांबच्या पिस्कॅटवे गावात घर घ्यायचं शिरलं होतं. बाबांनी त्याला समोर बसवलं. "नातीला अंगण हवं म्हणून जायचं असेल तर उद्या जाऊ. भीती वाटते म्हणून जायचं असेल, तर तुम्ही जा. आम्ही दोघं इथेच राहू."

आम्ही तिथे आणखी दोन वर्षं राहिलो. गेलो ते अंगणासाठी.