पडायला मी, उभं राहायला रिया

"आधी ते पुसून घ्या. रियाची वेळ सुरू होतेय."

रियाच्या आईने हे माझ्या बाबांना सांगितलं. 'ते' म्हणजे माझं रक्त. माझी हनुवटी फुटली होती. स्केटिंगच्या सरावात केन्ताने मला हवेत फेकलं होतं, मी तोंडावर आपटले होते, आणि पांढऱ्या बर्फावर हातभर लाल पट्टा उमटला होता. मी गुडघ्यांवर बसून हनुवटीला हातमोजा दाबून धरला. बाबा बादली घेऊन आले. त्यांनी पत्र्याने लाल बर्फ खरवडला, खड्ड्यात चुरा भरला, वरून पाणी मारलं, तळहाताने सारखं केलं. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. पाहिलं असतं तर हात थांबला असता, आणि हात थांबून चालणार नव्हतं.

"मम्मी, शी'ज ब्लीडिंग लाह," रिया तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

तिची आई मराठीत बोलली. कोचला कळू नये म्हणून. "ह्यांना लागत नाही गं फारसं. ह्यांची हाडं कणखर असतात."

ह्यांना.

तेरा वर्षांची होते मी. हनुवटीला पुढे पाच टाके पडले. ते निघाले. हा शब्द निघाला नाही.

ही गोष्ट सिंगापूरची, दोन-तीन वर्षांपूर्वीची. बाबा मुंबईत बर्फाच्या कारखान्यात मशीनवर होते. तिथल्या अनुभवावर त्यांना इथे एका आइस रिंकवर काम मिळालं. बर्फ गोठवणारी यंत्रं सांभाळायची, बर्फाला पडलेले खड्डे बुजवायचे. आम्ही यिशुन भागात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. आई संध्याकाळी एका दुकानात कामाला असायची, म्हणून शाळा सुटली की मी बाबांकडे रिंकवर. एक दिवस कोचने भाड्याच्या जुन्या स्केट्समध्ये माझे पाय घातले आणि बर्फावर सोडलं. मी पडले, उठले, पडले, उठले. रडले नाही. कोचने तेच हेरलं.

केन्ता तेव्हा सोळा वर्षांचा. वडील जपानी कंपनीत, बदलीवर इथे आलेले. त्याला जोडीचं स्केटिंग करायचं होतं. तिकडे जपानमध्ये सगळे एकेकटेच उतरतात, जोडीत फार कमी, म्हणून आपला नंबर लागेल असा त्याचा हिशेब होता. हिशेब बरोबर होता. फक्त जोडीला मुलगी लागते.

मुलगी होती. रिया. बँकेतल्या मोठ्या साहेबाची लेक, ईस्ट कोस्टच्या महागड्या कॉन्डोतली. आई रिंकच्या क्लबच्या कमिटीवर. मराठी आहेत कळल्यावर बाबा पहिल्या दिवशी किती खूश झाले होते! "आपली माणसं आहेत," घरी येऊन आईला सांगत होते. रियाच्या आईने त्यांना आडनाव विचारलं. मग गाव विचारलं. तिसरा प्रश्न विचारायची गरजच पडली नाही. गणपतीत बाबांना त्यांच्या कॉन्डोवर बोलावलं, एसी गळतोय म्हणून. एसी दुरुस्त झाल्यावर मोदक दारातच मिळाले, प्लास्टिकच्या डब्यात. डबा परत आणू नका, असंही सांगितलं. बाबांना तो चांगुलपणा वाटला. मलाही वाटला. अक्कल यायला वेळ लागतो.

आता थ्रो म्हणजे काय ते सांगते. मुलगा मुलीला कमरेला धरतो आणि वेगात असतानाच लांब फेकतो. तिने हवेत दोन गिरक्या घ्यायच्या आणि एका पायावर उतरायचं. मुलाचा हात जरा इकडेतिकडे झाला की मुलगी आपटते. हात बसायला महिने लागतात. ते महिने मुलीच्या अंगावरून जातात.

रियाच्या अंगावरून जाऊ द्यायचे नव्हते. म्हणून आमच्या रिंकवर रीत पडली. नवीन काही असलं की आधी माझ्यावर. केन्ताचा हात बसला की मग रिया. बदल्यात मला बर्फ फुकट. उपकार म्हणून सांगितलं गेलं, आणि मी उपकार म्हणूनच घेतलं.

पडत होते. डाव्या कुल्ह्यावर बशीएवढा काळानिळा डाग, तो पिवळा पडायच्या आत त्यावर दुसरा. कोपर सुजलेलं. एकदा केन्ताच्या स्केटचं पातं माझ्या पोटरीवरून गेलं. मोज्यात रक्त साचलं तरी मी तीन फेऱ्या मारल्या. केन्ता दर वेळी कमरेत वाकून "सॉरी" म्हणायचा. वाकायचा छान. पुन्हा फेकायचा.

आणि एक दिवस मी पडले नाही. हनुवटी फुटायच्या आधीची गोष्ट. दोन गिरक्या, उजवा पाय, पात्याचा एक लांब आवाज, आणि मी उभी! आख्ख्या रिंकवर मी एकटी उभी! मी हसत कोचकडे वळले.

कोच म्हणाला, "गुड. नाऊ रिया."

बस. एवढंच. मला कठड्याबाहेर जायची खूण केली. रियाला मात्र तो थ्रो जमेना, तिला भीती वाटायची. मग केन्ताने तिला अजून उंच, अजून हळू फेकावं असं ठरलं. म्हणजे हात पुन्हा बसवायचा. म्हणजे पुन्हा माझ्यावर. त्यातच हनुवटी गेली. आई घरी टाके बघून म्हणाली, "शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड." बाबा म्हणाले, "हळू बोल." भिंतीपलीकडे मराठी कळणारं कुणीही नव्हतं, तरी म्हणाले.

स्पर्धेचा दिवस उजाडला. सकाळी सरावाला बर्फ मोकळा होता. रिया आकाशी ड्रेसमध्ये, केसांना चमचम. मी बाबांच्या जुन्या जॅकेटमध्ये, हनुवटीला टाके. मी नुसती बघायला आले होते.

रियाची आई कोचला इंग्रजीत म्हणाली, "दोनदा हिच्यावर घ्या. केन्ताचा हात बसू दे."

मी म्हटलं, "काकू, टाके आहेत."

"काही होत नाही. चल, वेळ नको घालवूस."

केन्ताने हात पुढे केला. सवयीने मी स्केट्स चढवले, बर्फावर उतरले, त्याचा हात धरायला हात उचललाही. आणि माझ्याच हाताकडे बघितलं. हा हात रोज कुणासाठी उचलला जातो? मी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि बोटांत बोटं अडकवली.

एक सांगते. ज्या मुलीला जायचं नाही तिला कुणीही फेकू शकत नाही. अर्धी उडी तिची असते. हे केन्ताला ठाऊक होतं. कोचला ठाऊक होतं. मला त्या दिवशी कळलं.

"नाटकं करू नकोस," रियाची आई कठड्यावरून वाकली. "कुणाच्या जिवावर इथे उभी आहेस? तुझ्या बापाचं काम कुणाच्या शब्दावर आहे, ठाऊक आहे ना?"

ठाऊक होतं. काम गेलं तर इथे राहायचा पास जातो. पास गेला तर आम्ही तिघंही परत. तरी म्हणाले, "मी पडणार नाही. तुमच्या रियाला पडू दे."

तिने मारलं. सरळ कानाखाली. हिऱ्याची अंगठी हनुवटीवर बसली आणि टाके उसवले. गरम रक्त गळ्यावर आलं, जॅकेटवर आलं, बर्फावर टपटपलं. कोचने मान वळवली. केन्ता आपल्या स्केटची नाडी बांधत बसला. ती नाडी आधीच बांधलेली होती, मी बघितली होती.

आणि बाबा आले. बादली घेऊन. त्याच पत्र्यासकट. लेकीच्या तोंडाकडे न बघता खाली बसले आणि लाल बर्फाला पत्रा लावला. त्या क्षणी मला त्या बाईपेक्षा बाबांचा राग आला. खोटं कशाला बोलू! मी त्यांचं मनगट धरलं.

"बाबा, नाही पुसायचं."

"सोड. माफी माग त्यांची."

"नाही पुसायचं. राहू दे ते. सगळ्यांना दिसू दे." मग त्या बाईकडे बघून म्हणाले, "लागतं आम्हाला."

आवाज फाटला होता. पण रिंक घुमला. बाबांच्या हातातला पत्रा तसाच राहिला. ते उठले नाहीत, पण त्यांनी पुसलंही नाही.

रियाने तो लाल डाग बघितला. आयुष्यात पहिल्यांदा नीट बघितला असेल. ती बर्फावर उतरेना. "आय डोन्ट वॉन्ट, मम्मी," एवढंच म्हणत राहिली. जोडी त्या दिवशी उतरलीच नाही.

बाबांच्या कंपनीने त्यांना रिंकवरून काढून सेरंगूनच्या एका मॉलच्या एसीवर टाकलं. पास वाचला, बर्फ गेला. आठ दिवस बाबा माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी केन्ता यिशुनला आला. आमच्या जाळीच्या दाराबाहेर उभा राहून कमरेत वाकला. जपानमध्ये त्याची चाचणी होती. तिथे एक मुलगी तयार होती, चांगल्या घरातली. त्याला जायच्या आधी थ्रोचा सराव हवा होता. कोचने दुसऱ्या रिंकवर वेळही घेतली होती.

"विथ मी?" मी विचारलं. "इन द ट्रायल?"

"नो, नो. प्रॅक्टिस ओन्ली." मग मला बरं वाटावं म्हणून हसून म्हणाला, "यू फॉल बेस्ट."

हा क्रूर नव्हता. हा मनापासून बोलत होता. सहा महिने ज्याने मला कमरेला धरून फेकलं, त्याने मला उभी राहिलेली पाहिलं होतं, आणि लक्षात ठेवलं ते पडणं.

"आय लँडेड," मी म्हटलं. "यू सॉ."

तो पुन्हा कमरेत वाकला. मी आतलं लाकडी दार लावून घेतलं. बाबा आत खुर्चीवर बसले होते. 'दार उघड' असं म्हणाले नाहीत. थोड्या वेळाने उठले, माझी हनुवटी वर केली आणि पुन्हा घातलेल्या टाक्यांकडे बघितलं. पहिल्यांदा.

केन्ता पुढे त्या मुलीबरोबर स्पर्धांत उतरला. टीव्हीवर एकदा तो थ्रो दिसला. हात पक्का बसला होता. तो कुणावर बसला हे टीव्हीवर कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतेय.

हनुवटीवरचा व्रण मी पावडर लावून झाकत नाही. कुणी विचारलं की रियाच्या आईचं वाक्य आहे तसं म्हणून दाखवते, 'ह्यांना'सकट. सध्या रोज शाळेनंतर आमच्या ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत सिमेंटच्या फरशीवर त्याच दोन गिरक्या घेते. एकटीच्या. सिमेंट बर्फापेक्षा जास्त लागतं. लागू दे. बर्फावर परत जाईन तेव्हा कुणाचा हात बसवायला जाणार नाही. स्पर्धेच्या फॉर्मवर माझं नाव असेल, आडनावासकट. जिथे ते नाव नाही, तिथे माझ्या रक्ताचा थेंबही पडणार नाही.