डालग्याखालची पाहुणी

कोणी कोंबड्या पाळायच्या म्हटल्या की कौशल्या सिस्टर आधी त्याच्या घरी जात आणि खुराड्यात डोकं घालत. नुसतं डोकावणं नव्हे. डोकं, खांदे, जमलं तर कंबरेपर्यंतच्या सिस्टर आत आणि उरलेल्या सिस्टर अंगणात. बांधा चांगलाच भरलेला, त्यामुळे हा कार्यक्रम बघायला आजूबाजूची मंडळी गच्चीवर जमत. आमच्याकडे तो झाला ऐन मे महिन्यातल्या दुपारी. मी छत्री धरून उभी होते आणि आतून आवाज येत होता, "बाई, मला हितं घामाच्या धारा लागल्या. कोंबडीला तर घाम बी येत न्हाई. ती काय करंल?" सुताराकडून हौसेने करून घेतलेलं, हिरवा रंग दिलेलं, पत्र्याचं ते खुराडं त्यांनी जागच्या जागी नापास केलं. "दोन्ही अंगांनी जाळी मार, पत्र्यावर कडबा टाक, अन् उचलून त्या लिंबाखाली ठिव. मंग कोंबडीचं बोलू."

मी तेव्हा बँकेच्या बदलीमुळे लातूरहून नांदेडला आले होते. भाड्याच्या घराला मागे थोडी मोकळी जागा होती, त्यात मेथी-कोथिंबीर लावावी आणि दोन-चार कोंबड्या पाळाव्यात असं मनात आलं. सगळ्यांनी एकच घर दाखवलं, माझ्या उजवीकडचं, कौशल्या सिस्टरचं. सिस्टर सरकारी दवाखान्यातून परिचारिका म्हणून निवृत्त झालेल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा पुण्याला. पुढच्या खोलीत बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर, मागच्या परसात कोंबड्या, आणि दोन्ही ठिकाणी सारखीच स्वच्छता. त्या वारल्या त्याला आता वर्ष होत आलं, पण कॉलनीत अजून 'सिस्टरचं घर' म्हटलं की रिक्षावाला बरोबर नेऊन सोडतो.

खुराडं पास झाल्यावर कोंबड्या मिळतील असं मला वाटलं होतं. सिस्टरनी मला हाताला धरून शेजाऱ्यांकडे नेलं. "कोंबडी पाळायच्या आगुदर शेजारी पाळावा लागतो," असं त्यांचं म्हणणं. डावीकडच्या घरातले गुरुजी म्हणाले, पहाटे कोंबडा आरवला तर माझी झोपमोड होईल. मी घाईने म्हणाले, मग अंडी कशी मिळणार? सिस्टर इतक्या हसल्या की गुरुजींच्या ओट्यावर बसल्या. "अंड्याला कोंबडा कशाला पायजे वं? पिल्लं पायजे आसली तर कोंबडा. अंडं कोंबडी देती, कोंबडा निस्तं भाषण देतो." गुरुजींनी तात्काळ परवानगी दिली.

त्यांचं शिकवणं असं रागावत, हसत चाले. पहिल्या आठवड्यात माझ्या कोंबड्यांनी मेथीचा वाफा उकरून सपाट केला. मी रडकुंडीला आले, तर त्या म्हणाल्या, "तिचं काय चुकलं? तिला वाटलं तू तिच्यासाठीच लावून राहिलीस," आणि जुनी मच्छरदाणी आणून वाफ्याभोवती स्वतः बांधून दिली. एका कोपऱ्यात चुलीची राख आणि माती टाकायला लावली, तिथे कोंबड्या लोळून अंगावरच्या उवा झाडतात. उन्हाळ्यात पाण्याचं मातीचं भांडं सावलीत, तेही दोनदा बदललेलं. आणि दिवस मावळला की खुराड्याची कडी. "मुंगसाला कडी उघडता येत न्हाई, पण आपुन कवा इसरतो ते त्याला बरूबर कळतं." मी एकदाही विसरले नाही, कारण सिस्टर कुंपणावरून हाक मारून विचारत.

सगळ्यांत कडक नियम नव्या कोंबडीचा. बाजारातून आणलेली असो की कोणी भेट दिलेली, ती पहिले पंधरा-वीस दिवस परसाच्या दुसऱ्या टोकाला डालग्याखाली, म्हणजे त्या बांबूच्या पालथ्या टोपलीखाली राहायची. तिचं पाणी वेगळं, दाणे वेगळे. आधी घरच्या कोंबड्यांना घालायचं, मग तिला, मग साबणाने हात धुवायचे. आजार असेल तर तेवढ्या दिवसांत दिसतो. कॉलनीतले लोक त्या कोपऱ्याला 'सिस्टरचा वॉर्ड' म्हणून चिडवत. सिस्टरना त्याचा अभिमानच होता.

त्या वर्षी थंडीत एका दुपारी मी त्यांच्याकडे बसले असताना फाटकात एक माणूस येऊन उभा राहिला. काखेत पिशवी, पिशवीतून बाहेर आलेलं तांबड्या कोंबडीचं डोकं. हा गौतम, सिस्टरचा धाकटा भाऊ, उमरीजवळच्या गावी राहणारा. त्याच्याबद्दल सिस्टर मला एकदाच बोलल्या होत्या. त्यांची आई गेली तेव्हा गौतमचा निरोप उशिरा आला. त्या पोचल्या तेव्हा सगळं आटोपलं होतं, तोंडही बघायला मिळालं नाही. फोन लागत नव्हता असं तो म्हणाला, त्यांना ते पटलं नाही. तुझ्या उंबऱ्याला पुन्हा पाय लावणार नाही असं भरल्या घरात सांगून त्या निघाल्या, आणि वर्षानुवर्षं गेल्या नाहीत.

"डोळे दाखवायला आलतो आक्का," गौतम म्हणाला. "ही घे. आईच्या कोंबड्यांच्या वंशातली हाय. तिच्या हातची जात म्या मोडू दिली न्हाई."

सिस्टरनी ती कोंबडी छातीशी धरली. तिच्या पिसांवरून हात फिरवला. मग त्या उठल्या, परसाच्या टोकाला गेल्या आणि कोंबडी डालग्याखाली ठेवून आल्या.

गौतम बघत होता. "माझी कोंबडी तुझ्या कोंबड्यांत चालत न्हाई व्हय?"

"सगळ्याच नव्या कोंबड्या तितं ठिवते मी."

"लोकांनी आपल्याला लई दिवस गावाभायेर येगळं ठिवलं, आक्का. आपलं पाणी येगळं, आपला पेला येगळा. आता तू बी तेच करून राहिलीस? माझ्याशी?"

सिस्टरचा चेहरा उतरला, पण आवाज नाही. "ते मानसाचा इटाळ मानून क्येलं व्हतं. हे रोगासाठी हाय. दवाखान्यात मी पाटलाला बी येगळ्या खोलीत ठिवलं अन् आपल्याला बी. त्यात कुनी लहान-मोठं नस्तंय."

गौतमने चहाचा कप तसाच खाली ठेवला आणि निघून गेला. सिस्टर मोरीवर गेल्या. त्या रडत होत्या आणि रडता रडता साबणाने हात धूत होत्या. मी म्हणाले, "सिस्टर, इतक्या वर्षांनी आला होता. एक दिवस सोडायची होती ती कोंबडी आपल्या कोंबड्यांत." त्या म्हणाल्या, "मला बी तसंच वाटलं वं. लई वाटलं." आणि त्यांनी पुन्हा हाताला साबण लावला.

चार-पाच दिवसांनी ती कोंबडी पेंगायला लागली. हिरवट हगवण, मग मान वाकडी झाली. मानमोडी! हा रोग एकदा शिरला की अख्खं खुराडं रिकामं करतो. तांबडी कोंबडी गेली, बाकीच्या सगळ्या वाचल्या. दुसरं कोणी असतं तर माझंच कसं खरं झालं म्हणून चारचौघांत सांगत फिरलं असतं. सिस्टर मात्र घाबरून गेल्या होत्या. "तितनंच आलीया ही. आईच्या कोंबड्या समद्या तितंच हायत." त्यांनी गौतमला फोन लावला. आक्काचा नंबर बघून तो उचलत नव्हता. रात्रभर त्या तळमळल्या असाव्यात, कारण सकाळी माझ्या दारात उभ्या होत्या. धुतलेलं पातळ, हातात थर्मास. त्यात बर्फ आणि आदल्या दिवशी जनावरांच्या दवाखान्यातून आणलेली लस. "आज सुट्टी हाय न्हवं तुला? चल उमरीला."

एसटीतून उतरून आम्ही गावात पोचलो. गौतमचं घर आलं, आणि सिस्टर फाटकाबाहेर रस्त्यावरच थांबल्या. अंगणात गौतम होता, त्याची बायको पाण्याचा तांब्या घेऊन पुढे आली. सिस्टर हलेनात. आजूबाजूची माणसं दारात आली. गौतमचं तोंड पडलं.

"आजून उंबऱ्याची आन सोडली न्हाईस का?" तो तिथूनच म्हणाला. "मंग आलीस कशाला?"

"आन गेली चुलीत," सिस्टर ओरडल्या. "तुझी कोंबडी मानमोडीनं मेली. माझ्या हातात मेली. तोच रोग माझ्या पायाला आसंल, अन् तुझ्या ज्या कोंबड्या आजून धड हायत त्यांना मी द्यावा व्हय? घमेल्यात पानी आन."

 गौतम धावत जाऊन पाण्याने भरलेलं घमेलं घेऊन आला. सिस्टरनी पिशवीतून जंतू मारणाऱ्या पोटॅशची पुडी काढून त्यात टाकली. पाणी जांभळं झालं. त्यांनी चपला काढून घमेल्यात पाय ठेवले आणि धुवायला वाकू लागल्या, पण तेवढ्यात गौतम खाली बसला. भर रस्त्यात, सगळं गाव बघत असताना, तो बहिणीचे पाय धुऊ लागला. त्याचे खांदे हलत होते.

"घोट्यापरेंत चोळ," सिस्टर म्हणाल्या. "निस्तं वल्लं करू नगंस. बोटांच्या मधी बी."

"आक्का, तवा फोन खरंच लागत नव्हता गं."

सिस्टरनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "ठावं हाय मला. लई दिवसांपासून ठावं हाय."

तो उठला आणि फाटक उघडायला वळला, तर सिस्टरनी त्याची बाही धरली. "तू कुठं निघालास? तुझे पाय कोन धुनार?" गौतमने निमूटपणे त्याच घमेल्यात, त्याच पाण्यात पाय घातले.

त्यानंतर दिवसभर तो एकेक कोंबडी धरत होता आणि सिस्टर लस देत होत्या. काही कोंबड्या वाचतील, काही जातील, असं त्यांनी त्याला स्पष्ट सांगितलं. माझे पाय धुऊन झाल्यावर मला एका बाजेवर बसवून भाकरी-पिठलं वाढलं गेलं. माझी संध्याकाळची गाडी होती. सिस्टरनी मला त्यांच्या नांदेडच्या घराची किल्ली दिली आणि कोंबड्यांना काय, किती आणि कधी घालायचं ते दोनदा म्हणवून घेतलं.

मी एकटीच परत आले. सिस्टर माहेरी राहिल्या.