मुका झालेला स्पंदतारा

त्या सकाळी आमच्या खगोलशास्त्र संस्थेच्या आवारात बुचाच्या फुलांचा सडा पडला होता आणि हवेत तो ओला, मंद, जीव कासावीस करणारा गंध दाटला होता. अशा सकाळी माणसाला उगाच कुणाची तरी आठवण येते. मला निरंजनची आली.

आम्ही दोघांनी पुण्यातच एकत्र संशोधन केलं आणि एकाच ताऱ्याला जीव लावला. सूर्याहून जड, पण आकाराने एखाद्या शहराएवढा, स्वतःभोवती गरगरणारा तो मृत तारा. दर फेरीला त्याची एक रेडिओ-लहर पृथ्वीवर येऊन पोहोचे. त्याचं चुंबकत्व असं अफाट, की त्याने क्ष-किरणांनी पेटून उठायला हवं होतं. मग तो इतका शांत कसा? या एका प्रश्नाने आमचं तारुण्य व्यापलं.

शनिवार पेठेतल्या एका छोट्या हॉटेलात, चहा निवत असताना, निरंजन म्हणाला होता, "क्ष-किरणांचं काम करायला मी परदेशी जातोय. तूही चल ना, माधवी."

"आणि आई?" मी विचारलं. आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती. त्याने निवलेला चहा संपवला. मीही माझा. काही नकार इतके हळुवार असतात, की ते दिले कधी आणि घेतले कधी, हेही कळत नाही!

तो गेला. धायरीच्या घरी मी आईचं सगळं केलं. पुढे आईही गेली. रेडिओ-लहरींतून ध्वनीत उतरवलेला ताऱ्याचा ठोका मात्र मी ऐकत राहिले. आमचं बोलणं तेवढ्या ताऱ्यापुरतं उरलं.

आणि त्या सकाळी नवी नोंद उघडली, तर ठोकाच नव्हता! यंत्रणा तपासली, सहकाऱ्यांना विचारलं. सगळं ठीक होतं. ताराच मुका झाला होता. मी लगेच फोन लावला.

"निरंजन, तो थांबलाय रे."

"अगं, पेटलाय तो!" त्याला धाप लागली होती. "उपग्रहाने क्ष-किरणांचा स्फोट टिपलाय. पृष्ठभागावर एक तप्त डाग दिसतोय, ताऱ्याबरोबर फिरतोय!"

चुंबकत्वात कोंडलेलं बळ अखेर उसळलं होतं, आणि त्या उसळीतच रेडिओचा ठोका बुडाला होता. ज्याची वर्षानुवर्षं वाट पाहिली ते घडलं, आणि मला रडू आलं. हे कुणाशेजारी बसून पाहायचं होतं, ते मला ठाऊक नव्हतं का?

पुढे कित्येक दिवस निरंजन क्ष-किरणांची ओसरणारी प्रभा पाहत राहिला आणि मी रेडिओचं मौन ऐकत राहिले. मग एके दुपारी, निरीक्षण चालू असतानाच, ठोका परतला. आधी अस्फुट, मग स्वच्छ. निरंजनला फोन लावून, एक शब्दही न बोलता, मी फोन स्पीकरजवळ धरला.

मग त्याने विचारलं, "तू कशी आहेस?" इतक्या वर्षांत प्रथमच!

"थकलेय रे."

"मी आता इकडचाच झालो, माधवी. बायको, मुली..."

"माहीत आहे मला."

"तरी फोन ठेवू नकोस."

मी ठेवला नाही. खिडकीबाहेर दुपार कलली, कुणीतरी येऊन खोलीतला दिवा लावून गेलं, आणि आम्ही दोघं, दोन वेगळ्या खंडांवर, तो एकच आवाज ऐकत बसून राहिलो.