पहिली घागर आणि ब्राझीलची राजधानी

भिमाबाईला अक्षरओळख नव्हती, पण शाळा सगळी तोंडपाठ होती. अणदूरच्या पुढं दोन कोसांवर तिचं गाव. तिथल्या शाळेच्या आवारात लिंबाखाली तेवीस वर्षं ती बोरं, चिंचा आणि फुटाणे विकत बसली. पाठीशी सातवीच्या वर्गाची खिडकी. आत सिद्रामप्पा गुरुजी पोरांकडून नद्या, पर्वत आणि देशोदेशीच्या राजधान्या घोकून घ्यायचे, आणि बाहेर चिंचा निवडता निवडता भिमाबाईच्या ओठांवर तेच चढत जायचं. घरी बुद्धवंदना म्हणायची तीही अशीच, ऐकून ऐकून पाठ झालेली.

खोड एकच. नवख्या नटाला संवाद मधूनच विचारला की तो गप्प होतो, आणि पहिल्या वाक्यापासून सोडला की शेवटपर्यंत थांबत नाही. तसं तिचं होतं. पेरूची राजधानी विचारली तर तिला व्हेनेझुएलापासून निघावं लागायचं.

छपन्न वर्षांच्या भिमाबाईची ही विद्या जगासमोर आली ती शहाऐंशी साली, दुष्काळात आणि टीव्हीमुळं.

टीव्ही दूध सोसायटीचा. लाकडी पेटीत, दाराला कुलूप, किल्ली चेअरमन बलभीमरावांच्या करगोट्याला. दर रविवारी सकाळी दूध घालून झालं की कॅनच्या बाजूला सतरंजी पडायची आणि दिल्लीचा प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम लागायचा. दोन वर्षं चालला होता तो कार्यक्रम, आणि गावानं त्याचा एक रविवार चुकवला नव्हता. खेळणारे कोटातले, विचारणारा टायवाला, भाषा बरीचशी इंग्रजी. पण सिद्रामप्पा गुरुजी पेटीशेजारी खुर्ची टाकून प्रत्येक प्रश्न मराठीत करून सांगायचे. टायवाल्यानं एक ओळ विचारली की गुरुजींच्या पाच ओळी व्हायच्या, हातवारे वेगळेच. मग आठवडाभर पारावर, टपरीवर, रोजगार हमीच्या कामावर तीच चर्चा: कुणाचा संघ हुशार, चष्मेवाली पोरगी घंटा वाजवायला घाई का करते, आणि त्या उंच पोराला घरी कुणी पोटभर जेवायला घालतं का नाही. ही शेवटची काळजी शेजारच्या शांताक्काची.

त्या उन्हाळ्यात आड आटले. सकाळी एक टँकर यायचा आणि हौदात पाणी सोडायचा. पुढच्या घागरींना स्वच्छ पाणी, मागच्यांना गढूळ, शेवटच्यांना नुसता गाळ. रांगेवरून रोज भांडणं, एकदा तर शांताक्काची कळशी चेमटली. शेवटी बलभीमरावांनी तोडगा काढला. रविवारी टीव्हीवरच्या प्रश्नांची उत्तरं टीव्हीच्या आधी जो सर्वांत जास्त देईल, त्याची घागर आठवडाभर पहिली. बाकीचे त्याच्यामागं गुणांप्रमाणं. निवाडा गुरुजींचा.

गाव हसलं, पण भांडणं थांबली. लोक टपरीवर जुनी पुस्तकं वाचायला लागले.

भिमाबाईची घागर नेहमी शेवटी असायची. ती दिवस उगवताच पाझर तलावाच्या कामावर जायची आणि घागर कुणाच्या तरी भरवशावर ठेवायची. भरवसा मागं सरकत जायचा. एके काळी तिच्या सासूला या गावच्या आडाच्या काठाला पाय लावायची मुभा नव्हती, त्या मानानं हा गाळसुद्धा बरा, असं ती हसून म्हणायची. पण आता लेक चांगुणा बाळंतपणाला आली होती. नववा महिना भरत आलेला. गाळाच्या पाण्यानं बाळंतिणीला न्हाऊ कसं घालायचं? भिमाबाई पहिल्यांदाच सतरंजीवर पुढं येऊन बसली.

पहिल्या रविवारी तिची फजिती झाली. इक्वाडोरची राजधानी आली. ती व्हेनेझुएलापासून निघाली, आणि किटोला पोचेपर्यंत तिकडं घंटा वाजली. दुसऱ्या रविवारी ती भरधाव निघाली. शांताक्का म्हणाली, "अगं, श्वास तर घे. लेकीच्या आधी तूच बाळंत व्हशील." तरीही तिची तीन उत्तरं बरोबर आली. तिसऱ्या रविवारी तर तिनं सुरुवात केली की सगळी सतरंजी तिच्यामागं चालीत म्हणायला लागायची, कारण तिथं बसलेला पस्तिशीच्या आतला प्रत्येक जण सिद्रामप्पा गुरुजींच्याच हाताखालून गेला होता.

चौथ्या रविवारी ती आणि बलभीमराव सात-सात गुणांवर बरोबरीत आले. शेवटचा प्रश्न उरला. चांगुणाला पहाटेपासून बारीक कळा लागल्या होत्या. इरम्मा सुईण घरी येऊन बसली होती.

टायवाल्यानं विचारलं. गुरुजींचा चेहरा फुलला. ते उभे राहून म्हणाले, "ब्राझील देशाची राजधानी कोणती?"

"रिओ दी जानेरो!" सगळी सतरंजी एका सुरात म्हणाली. बलभीमराव तर टाळी देऊन मोकळे झाले. गुरुजींनी समाधानानं मान डोलावली. तीस वर्षांची मेहनत होती ती.

भिमाबाईनं तेवढा त्यांच्या सुरात सूर मिसळला नाही.

तिच्या डोक्यात ब्राझीलला दोन राजधान्या होत्या. दहा-अकरा वर्षांपूर्वी गुरुजी पोटाच्या ऑपरेशनसाठी सोलापूरला गेले, तेव्हा तीन महिने परंड्याकडचे एक तरुण मास्तर बदलीवर आले होते. त्यांनी पोरांना ब्राझीलिया घोकायला लावलं. गुरुजी परत आले आणि पहिल्याच दिवशी त्यांनी ते पुसून रिओ पक्कं केलं. दोन्ही चाली खिडकीतून तिच्या कानावर आल्या होत्या. बदलीवरचे मास्तर नव्या नकाशावर छडी आपटून सांगायचे, ते तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं.

समोर मानेनं ताल धरलेले गुरुजी. याच माणसानं गावचा विरोध असताना तिच्या चांगुणाला सातवीपर्यंत पहिल्या बाकावर बसवलं होतं.

"भिमाबाई, तुमचं उत्तर राहिलं की," बलभीमराव म्हणाले.

ती पदर सावरून उभी राहिली. व्हेनेझुएलापासून ओठांतल्या ओठांत निघून ती ब्राझीलपर्यंत आली. "ब्राझीलिया."

हशा पिकला. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला. "कुठं ऐकलं तुम्ही हे?"

मास्तरांचं नाव तिच्या ओठांवर आलं होतं. ते तिनं गिळलं. "गुरुजी, तुमी शिकलात तवा राजधानी रिओलाच हुती. तुमचं काय चुकलं न्हाय. मागनं ती हलली. आता बगा, लातूर कालपतूर आपल्याच जिल्ह्यात हुतं. चार वर्सं झाली, त्येचा जिल्हा येगळा झाला. मग आदी शिकवलेलं खोटं हुतं का?"

तेवढ्यात टीव्हीवर चष्मेवालीनं रिओ सांगितलं आणि तिचं उत्तर चुकलं. प्रश्न पुढच्या संघाकडं गेला. शांताक्काला पोटभर न जेवणारा वाटणारा तो उंच पोरगा म्हणाला, "ब्राझीलिया." टायवाल्यानं त्याच्या संघाला गुण दिले.

गुरुजी खुर्चीवर बसले, चष्मा पुसला, परत उभे राहिले.

"राजधानी साठ साली हलली असं परंड्याच्या त्या मास्तरांनी मला चिठ्ठीत लिहून ठेवलं होतं," ते म्हणाले. "मीच ती वाचून खिशात घातली. भिमाबाईंना ते ठाऊक आहे, पण त्या सांगणार नाहीत. उत्तर त्यांचं बरोबर. पहिली घागर त्यांची."

बलभीमरावांनी तोंड वाकडं केलं, पण किल्ली फिरवत म्हणाले, की पहिली घागर तर पहिलीच, आणि घरी बाळंतीण असेल तर दुसरीही तिचीच.

सोमवारी भिमाबाई कामावर गेली नाही. पहाटे चांगुणाला मुलगी झाली. टँकर आला तेव्हा हौदाच्या तोंडाशी तिच्या दोन घागरी होत्या, आणि रांग राखायला कट्ट्यावर स्वतः गुरुजी बसले होते. पाणी इतकं नितळ होतं, की घागरीचा तळ दिसत होता. शांताक्कानं नातीला बघून जाहीर केलं, की नाव ब्राझीलिया ठेवा. भिमाबाईनं तिला चुलीजवळून हाकललं.

जूनमध्ये शाळा भरली. भिमाबाई लिंबाखाली टोपली घेऊन बसली. खिडकीतून राजधान्या सुरू झाल्या. व्हेनेझुएला, कोलंबिया, इक्वाडोर, पेरू, बोलिव्हिया. ब्राझीलशी येऊन गुरुजींचा सूर अडला. तीस वर्षांची सवय जिभेवर उभी होती. पोरंही थांबली.

गुरुजींनी खिडकीतून बाहेर डोकावलं.

"आता मधनंच कसं सांगू?" भिमाबाई चिंचेचा चिंचोका काढत म्हणाली. "पयल्यापासनं घ्या की."

आणि गुरुजींनी पहिल्यापासून घेतलं.