जावयाचे विलायती बूट

अस्सल विलायती बूट कोणता आणि नकली कोणता, यावर अधिकारवाणीनं बोलू शकेल असा आमच्या घराण्यात मी एकटाच. बाकीचे सगळे वहाणा घालत.

हा अधिकार मला परांजप्यांकडून मिळाला. मी तेव्हा फोर्टातल्या एका कचेरीत कारकून होतो आणि शेजारच्या टेबलावरचे परांजपे रोज डबा खाताना बुटांवर बोलत. त्यांच्या स्वतःच्या पायात कायम फाटक्या चपला असत, पण ते काही माझ्या लक्षात आलं नाही. (माझ्या लक्षात न आलेल्या गोष्टींचीच ही हकिकत आहे.) त्यांचं म्हणणं असं, की अस्सल विलायती बूट चालताना करकर वाजला पाहिजे, त्यात आपलं तोंड दिसलं पाहिजे आणि त्याच्यावरचा शिक्का रस्त्यापलीकडून वाचता आला पाहिजे. "माल अस्सल असेल तर साहेब नाव बारीक कशाला घालील?" परांजपे लोणच्याची फोड चोखत विचारत. मला हे इतकं पटलं, की नौपाड्यातल्या रस्त्यानं जाताना मी माणसांच्या तोंडाकडे बघायचंच सोडून दिलं. दोन-तीन नातेवाईक त्यावरून कायमचे दुखावले.

इंग्रज नुकताच गेला होता. तो गेल्याचं दुःख कुणालाच नव्हतं, पण जाताना त्यानं बूट तेवढे ठेवून जायला हवे होते, असं पुष्कळांना वाटे. अशा पुष्कळांपैकी एक होते डोंबिवलीचे काका, आमचे नव्हेत, होणाऱ्या जावयाचे. आमच्या कुसुमचं, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न त्यांच्या पुतण्याशी ठरत होतं. आधीची स्थळं कधी पत्रिकेवरून, कधी उंचीवरून फिसकटलेली. घरात कुणी तो विषय काढला की कुसुम उठून विहिरीवर जायची आणि भरलेली कळशी पुन्हा भरायची. हा मुलगा मात्र तिला आवडला होता. ओव्हरसियर होता, बोलायला कमी आणि हसायला मोकळा. तो पाहून गेला त्या दिवसापासून कुसुम भाकऱ्या थापताना गुणगुणायला लागली होती. आप्पा, म्हणजे आमचे वडील, मला हळूच म्हणाले, "मध्या, एवढं पार पडू दे रे बाबा."

बोलणी झाली. काका म्हणाले, "देणंघेणं आम्हाला काही नको." आप्पांनी सुटकेचा श्वास घेतला. तो अर्धा बाहेर पडतोय तोवर काका म्हणाले, "फक्त श्रीमंतपूजनाला जावयाच्या पायात विलायती बूट पाहिजेत. अस्सल! आमच्या घराण्याची तेवढीच एक हौस आहे. नकली निघाले, तर दुसऱ्या दिवशीच्या मुहूर्ताला आमची वाट बघू नका."

आणि त्यांनी खिशातून पुतण्याच्या पावलाचा कागदावर काढलेला आकार काढून आप्पांच्या हातात दिला! आप्पांनी तो पत्रिकेसारखा दोन्ही हातांनी घेतला आणि माझ्याकडे दिला. आईनं माझ्याकडे बघितलं. दाराआडून कुसुमनं बघितलं. घरातला बुटांचा जाणकार मी! मी कागदाची घडी घातली आणि म्हणालो, "काळजी सोडा."

त्या क्षणापासून काळजी करायला हवी होती.

आमचे बापूमामा, म्हणजे आईचे भाऊ, गोदीत नोकरीला होते. त्यांच्या कानावर हे गेलं आणि पुढच्याच रविवारी ते खोकं घेऊन हजर झाले. एका बोटीवरच्या साहेबानं विलायतेहून आणलेले, पायही न घातलेले कोरे बूट! मापाच्या कागदावर ठेवून बघितले, तर अगदी बरोबर. आईला चामडं घरात चालत नसे, म्हणून परीक्षा मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडावर झाली. सगळं घर भोवती जमलं.

मी बूट उचलला. तपकिरी, मंद, बैलासारखा जड. दाबला, वाकवला, कानाशी नेला.

"करकरत नाही," मी म्हणालो.

"अरे, बूट आहे तो! झोपाळा आहे का करकरायला?" बापूमामा म्हणाले.

"यात तोंड दिसत नाही."

"तुझं तोंड बघायला विलायतेहून बूट मागवलेत का?"

मी तळवा उलटा केला. शिक्का होता, पण इतका बारीक की आप्पांचा चष्मा लावावा लागला. माझी खात्री पटत चालली. शेवटची परीक्षा म्हणून मी एक बूट सबंध बादलीत बुडवला. (बापूमामांच्या तोंडून जो शब्द निघाला तो आईसमोर ते पहिल्यांदाच बोलले असावेत.) बऱ्याच वेळानं बाहेर काढला. बादलीतलं पाणी जसंच्या तसं स्वच्छ!

"बघा!" मी विजयानं ओरडलो. "रंग सुटलाच नाही. म्हणजे मुळात लावलेलाच नाही!"

"अरे गाढवा, मी साहेबाच्या हातातून घेतलेत ते!"

"मग साहेबाला कुणीतरी फसवलं असणार."

बापूमामा चहा न घेता उठले. जाता जाता म्हणाले, "ताई, लग्नाला येईन. पण हा जिथं वाढायला असेल त्या पंगतीला मला बसवू नकोस." ते बूट अंगणातच राहिले. आप्पा पुढं कापूस कोंबून ते पायात घालू लागले आणि रोज संध्याकाळी चिखलातून अळूला नि केळीला पाणी घालू लागले. मी त्यांना म्हणायचो, "आठवडाभर टिकले तर नशीब!"

मग मी कल्याणला गेलो. कल्याणच्या बाजारात एका दुकानात पाऊल टाकलं आणि समोरच ते दिसले. काळेभोर! त्यात माझं तोंड तर दिसलंच, मागचा रस्ता आणि त्यावरून जाणारा टांगासुद्धा दिसला. तळव्यावर, आत, जिभेवर, टाचेवर, जिथं जागा सापडेल तिथं सोनेरी 'मेड इन इंग्लंड'. दुकानदारानं बूट पायात घालून दोन पावलं टाकली, तर करकर अशी की शेजारचा दुकानदार बाहेर आला.

"पाण्याचं काय?" मी जाणकाराच्या थाटात विचारलं.

"शेठ, एवढ्या भारी मालाला पाणी लावनार काय तुमी?" तो दुखावल्या आवाजात म्हणाला.

मला माझीच लाज वाटली. अस्सल वस्तूची परीक्षा घ्यायची म्हणजे तिचा अपमानच! मी माफी मागितली आणि बूट घेतले.

घरी सगळे खूश झाले. कुसुम लांबूनच बघत म्हणाली, "दादा, नक्की ना रे?" एवढं बारीक तोंड करून तिनं कधी काही विचारलं नव्हतं. मी हसून तिच्या डोक्यावर टपली मारली. ती टपली आठवली की आजही हात कुठं लपवू असं होतं.

श्रीमंतपूजनाची संध्याकाळ आली. अंगणात मांडव, शेणानं सारवलेली जमीन, डोंबिवलीची मंडळी टोप्या घालून बसलेली. काकांनी बूट मागवून घेतले, हातात तोलले, शिक्का वाचला, दुसरा वाचला, तिसरा वाचला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "वा! याला म्हणतात अस्सल! माझी नजर फसायची नाही." मी नम्रपणे मान झुकवली. पलीकडे बापूमामांनी आभाळाकडे बघितलं.

"इथंच ठेवा, परातीशेजारी. सगळ्यांना दिसू देत," काका म्हणाले.

श्रीमंतपूजनात मुलीचे आईवडील जावयाचे पाय धुतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. मलाही ठाऊक होतं. जन्मभर बघत आलो होतो. पण पाय धुवायला पाणी लागतं, आणि ते पाणी बुटांच्या शेजारीच सांडणार, हा विचार माझ्या डोक्यात शिरला नव्हता. शिरणार कुठून? डोक्यात परांजपे बसले होते!

आप्पा आधीच घाबरलेले. त्यांनी तांब्याऐवजी कळशीच उचलली आणि अभिषेक सुरू केला. परात भरली, वाहिली, पाणी सारवलेल्या जमिनीवरून निघालं आणि बुटांखाली जाऊन थांबलं. भटजींचे मंत्र लांबले. आईनं पाय पुसले, ते रडत रडत, त्यामुळे अर्धेच पुसले गेले.

"आता घाल बूट, आणि चालून दाखव सगळ्यांना!" काका म्हणाले.

जावईबापूंनी बूट घातले आणि पहिलं पाऊल टाकलं. करकर आली नाही. 'पच्च' असा आवाज आला. दुसरं पाऊल टाकलं. वरचा बूट पायाबरोबर पुढं गेला आणि तळवा सोनेरी शिक्क्यासकट जमिनीवरच राहिला! भिजून फुगलेला पुठ्ठा होता तो, पापडाच्या लाटीसारखा. जावईबापू तसेच उभे. सारवलेल्या जमिनीवर काळंजांभळं पाणी पसरायला लागलं. त्यांनी पाय बाहेर काढले, तर घोट्यापर्यंत पिकल्या जांभळांसारखे!

मग काका ओरडले, "फसवणूक! उठा रे सगळे!"

टोप्या उठल्या. आप्पा पाटावर बसले होते ते बसलेच राहिले, हातात रिकामी कळशी. माजघराच्या दारात कुसुम उभी होती. ती रडत नव्हती. ती वळली आणि कोपऱ्यातली कळशी उचलायला लागली. ही माझी बहीण, आणि हिचा संसार मी पुठ्ठ्यावर उभा केला होता!

मी काकांच्या पाया पडायला धावलो. घाईत त्याच चिखलात घसरलो आणि काकांच्या धोतरावर दोन्ही हातांचे जांभळे ठसे उमटवून थांबलो.

"अहो, हे काय! आता धोतरसुद्धा!" काका किंचाळले.

"काका, जरा थांबा," जावईबापू शांतपणे म्हणाले. "आधी पाय धुऊन येतो. या पायांनी डोंबिवलीला गेलो तर गावात काय सांगायचं?"

ते मागच्या विहिरीवर गेले. मी मागोमाग पोहरा घेऊन. मी पाणी ओततोय, ते पाय घासतायत आणि जांभळा रंग जसा होता तसाच. अस्सल काही असेलच त्या बुटांत, तर तो रंग! मला रडू फुटलं. "माझ्यावर राग काढा हो," मी म्हणालो. "कुसुमचा यात काही दोष नाही."

"तिचा दोष कोण म्हणतंय?" ते म्हणाले आणि एकदम थांबले. "हे कुणाचे?"

केळीखाली आप्पांचे चिखलानं माखलेले बूट होते. जावईबापूंनी एक उचलला, धुण्याच्या दगडावर पाणी ओतून चोळला, आत बघितलं, शिवण बोटानं चाचपली. मग चष्मा कपाळावर चढवून तळव्यावरचा तो बारीक शिक्का वाचला.

"अहो, हे तर अस्सल विलायती आहेत! आमच्या मोठ्या साहेबांकडे असाच जोड आहे. किती दिवस पाण्यात आहेत?"

"पाडव्यापासून," मी म्हणालो. "ते नकली आहेत."

"कोण म्हणतं?"

"मी."

त्यांनी हातातला बूट दगडावर ठेवला. मग विहिरीच्या काठावर बसून पोट धरधरून हसले. एवढ्या मोठ्यानं हसले की मांडवातली मंडळी मागे आली. त्यांनी कापूस काढून फेकला, बूट पायात घातले आणि सगळ्यांसमोर अंगणातल्या चिखलातून एक फेरी मारली. आवाज नाही, रंग नाही, काही नाही.

"काका, हे बघा अस्सल."

"पण मग ते..." काकांनी मांडवाकडे बोट केलं.

"ते तुम्हीच पसंत केले होते. नजर फसायची नाही म्हणालात ना?"

काकांनी धोतरावरचे ठसे बघितले, मंडळींकडे बघितलं आणि म्हणाले, "मुहूर्त किती वाजता आहे उद्या?" बापूमामा मागून म्हणाले, "ताई, आता चहा घेतो."

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. नवरदेवाचे पाय बोहल्यावरही जांभळे होते आणि बायका विचारत होत्या, हे कुणाकडे अशी मेंदी काढतात म्हणून. कानपिळीची वेळ आली. वधूच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा आणि मानाचं वस्त्र मिळवायचं. मी कान इतक्या हळू धरला की भटजी वैतागले, "अहो, पिळा की! फुलं काय वेचताय?" नवरदेवानं माझ्या खांद्यावर उपरणं टाकलं आणि कानात म्हणाले, "अस्सल आहे हो. बादलीत घालून बघू नका."

ते बूट जावईबापूंनी वर्षानुवर्षं वापरले. आणि तेव्हापासून घरात काहीही घ्यायचं असलं की आप्पा मला आवर्जून बाजारात नेऊ लागले. मी 'अस्सल' म्हणालो की आप्पा ती वस्तू खाली ठेवत. मी 'नकली' म्हणालो की बांधून घेत. कधी फसले नाहीत.

पुढं माझ्यासाठी मुलगी बघायला टिटवाळ्याला गेलो. बाहेर आल्यावर आप्पांनी विचारलं, "काय रे, कशी वाटली?" मी म्हणालो, "मला काही हे जमेलसं दिसत नाही." आप्पा तिथल्या तिथं मागे फिरले आणि आत जाऊन साखरपुड्याची तारीख ठरवून आले!

आप्पांचा हिशोब याही वेळी बरोबर निघाला. एवढी वर्षं झाली, संसारात कुठं शिवण उसवली नाही. परवा मी हिला सहज विचारलं, "तू त्या दिवशी मला बघून काय म्हणाली होतीस गं?"

ही तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "काय म्हणणार? आईला म्हटलं, मुलगा अगदी अस्सल वाटतो."